साधा व्हीपीएस घ्यायचा की मॅनेज्ड क्लाउड सर्व्हिस? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान त्यांच्यासाठी आहे ज्यांचं अ‍ॅप किंवा साइट तयार आहे आणि आता ती ठेवायची कुठे यावर घोडं अडलंय. प्रश्न बहुतेक छोट्या टीमचे आहेत, म्हणजे एक ते पाच जण, एखादी एजन्सी, क्लासवाले, ऑनलाइन विक्री करणारे, नोकरी सांभाळून स्वतःचं प्रॉडक्ट करणारे. उत्तरंही त्याच मापाची आहेत. बँकेचं किंवा मोठ्या ई-कॉमर्सचं आर्किटेक्चर इथे शोधू नका.

मुळात दोघांत फरक काय?

व्हीपीएस (व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर) म्हणजे कुणाच्या तरी डेटा सेंटरमधल्या मोठ्या मशीनचा एक तुकडा, त्याचा रूट अ‍ॅक्सेस (म्हणजे पूर्ण ताबा) तुमच्या हातात येतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमपासून वरचं सगळं तुमचं. अपडेट तुम्ही मारायचे, डेटाबेस तुम्ही टाकायचा, डिस्क भरली तर रिकामी तुम्हीच करायची. डिजिटलओशनचं ड्रॉपलेट, लिनोड, व्हल्टर, हेट्झनर, अ‍ॅमेझॉनचं लाइटसेल ही सगळी याच घरातली.

मॅनेज्डमध्ये मशीन दिसतच नाही, तयार सेवा मिळते. आरडीएस या अ‍ॅमेझॉनच्या मॅनेज्ड डेटाबेस सेवेकडून पोस्टग्रेस (एक डेटाबेस) घेतला तर तुम्हाला फक्त एक पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड मिळतो, त्यात एसएसएच करून (दुरून कमांडने लॉगिन करून) आत शिरता येत नाही, सुपरयुजर म्हणजे सगळे अधिकार असलेला युजरही मिळत नाही. पॅच, बॅकअप, डिस्क खराब झाली तर बदलणं, हे सगळं ते बघतात.

लोकांना वाटतं की आधी साधे सर्व्हर आले आणि मग मॅनेज्डचं फॅड आलं, पण अ‍ॅमेझॉनने एस-थ्री ही फाइली साठवायची मॅनेज्ड सेवा मार्च २००६ मध्ये आणली आणि भाड्याची मशीन देणारं ईसी-टू त्यानंतर ऑगस्टमध्ये. आरडीएस २००९ ला आलं, सर्व्हर न घेता नुसता कोड चालवून देणारं लॅम्डा २०१४ ला, आणि मग २०१६ मध्ये त्याच कंपनीने लाइटसेल काढलं, कारण ठरलेल्या मासिक भाड्यात साधा सर्व्हर हवा असलेले लोक संपलेलेच नव्हते. तेव्हा यातलं एक जुनं आणि एक नवं असं समजून निवडू नका.

फार वेळ नाही, सरळ सांगा काय घेऊ?

अ‍ॅप व्हीपीएसवर, डेटाबेस मॅनेज्ड, आणि लोकांनी अपलोड केलेल्या फाइली ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे एस-थ्रीसारख्या सेवेत. शंभरातल्या बऱ्याच छोट्या टीमना हे पुरतं. अ‍ॅपचा सर्व्हर उडाला तर गिटमधून कोड ओढून तासाभरात दुसरा उभा राहतो, डेटा उडाला तर तो कुठूनच ओढता येत नाही, म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर आधी डेटाबेसवर करा.

साधी माहिती देणारी साइट असेल, रोज नवीन डेटा येत नसेल, तर सगळं एकाच व्हीपीएसवर ठेवा, काही बिघडत नाही.

डेटाबेसच का? तो पण तर एक प्रोग्रामच आहे, इन्स्टॉल करायला पाच मिनिटं लागतात.

इन्स्टॉल करायला पाच मिनिटं लागतात हे खरंय. त्रास नंतरच्या पाच वर्षांचा असतो.

कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबचं उदाहरण प्रत्येकाने एकदा तरी वाचावं असं आहे, कारण त्यांनी स्वतःच सगळं उघडपणे लिहून ठेवलंय. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका इंजिनिअरला वाटलं की आपण दुय्यम डेटाबेस सर्व्हरवर आहोत आणि त्याने डेटाची डिरेक्टरी उडवली, प्रत्यक्षात तो मुख्य सर्व्हर होता. ३०० जीबीच्या आसपासचा डेटा, कमांड थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरला. बरं, बॅकअप बघायला गेले तर एस-थ्रीमधली जागा रिकामी, कारण डंप (सगळ्या डेटाची फाइलमध्ये काढलेली कॉपी) घेणारा प्रोग्राम जुन्या व्हर्जनचा आणि डेटाबेस नव्या व्हर्जनचा, त्यामुळे डंप दर वेळी एरर देऊन थांबत होता, आणि तो फेल झाल्याचे ईमेल मेल सर्व्हरच्या नियमात अडकून कुणाला मिळतच नव्हते. शेवटी कुणीतरी सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डिस्कची कॉपी) होता म्हणून वाचले, तरी सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

ही माणसं पोस्टग्रेस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणणारी होती. आता विचार करा की तुमच्या टीममध्ये डेटाबेस बघणारा माणूस तोच आहे जो फ्रंटएंड पण लिहितो आणि क्लायंटचे फोन पण घेतो.

मॅनेज्ड डेटाबेसमध्ये सगळ्यात मोलाची गोष्ट कुठली विचाराल तर मी म्हणेन मागच्या कुठल्याही मिनिटाला परत जाता येणं. आरडीएसमध्ये ऑटोमॅटिक बॅकअप ३५ दिवसांपर्यंत ठेवता येतात आणि साधारण शेवटच्या पाच मिनिटांपर्यंतची कुठलीही वेळ देऊन नवीन डेटाबेस उभा करता येतो. म्हणजे दुपारी ३ वाजून १२ मिनिटांनी कुणी वेअर (कुठल्या ओळी ते सांगणारी अट) न लावता डिलीट मारलं तर ३ वाजून ११ मिनिटांचा डेटाबेस परत मिळतो. हेच व्हीपीएसवर करायचं तर ट्रान्झॅक्शन लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) सतत बाहेर कॉपी करत राहायला लागतात, पोस्टग्रेससाठी पीजीबॅकरेस्टसारखी चांगली टूल्स आहेत, जमतं, पण ते लावणारा आणि दर महिन्याला तपासणारा माणूस लागतो.

मी रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप) डंप घेतो, तेवढं पुरे ना?

तीन गोष्टी विचारतो. डंप त्याच सर्व्हरवर पडतो का? तो बाहेर जात असेल तर त्याच अकाउंटमध्ये राहतो का? आणि तो शेवटचा रिस्टोअर करून कधी बघितला?

मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एक डेटा सेंटर अक्षरशः जळून गेलं. ज्यांचा सर्व्हर तिथे आणि बॅकअपही तिथेच, त्यांच्या हातात काही राहिलं नाही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गुगल क्लाउडवरचं अख्खं प्रायव्हेट क्लाउड चुकीच्या कॉन्फिगरेशनमुळे डिलीट झालं, आणि ते उभं राहू शकलं यामागे दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा मोठा हात होता. म्हणजे मॅनेज्ड असो की व्हीपीएस, एक कॉपी दुसऱ्या कंपनीकडे पाहिजेच.

व्हीपीएसवर राहायचंच असेल तर निदान एवढं करा: डंप एनक्रिप्ट करून आरक्लोन या फाइली पाठवायच्या टूलने दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजमध्ये पाठवा, उदाहरणार्थ बॅकब्लेझ, आणि तिथली चावी अशी बनवा की तिने फक्त लिहिता येईल, पुसता येणार नाही, कारण सर्व्हर हॅक झाला तर हॅकरच्या हातात पहिल्यांदा तीच चावी पडते. मग महिन्यातून एकदा तासाच्या भाड्याने एक रिकामं मशीन घ्या, त्यात डंप चढवा, ऑर्डरच्या टेबलमधली शेवटची ओळ कालची आहे का बघा, आणि मशीन मोडून टाका. खर्च काही रुपये येतो. हे ज्याने कधी केलंच नाही त्याच्याकडे बॅकअप आहे असं मी तरी मानत नाही.

मायएसक्यूएल वाल्यांनी डंप घेताना सिंगल ट्रान्झॅक्शनचा पर्याय लावा, नाहीतर डंप चालू असताना टेबलं लॉक होतात किंवा अर्धी आधीची अर्धी नंतरची अशी खिचडी मिळते.

व्हीपीएस हजार रुपयात मिळतो, तेच क्लाउडवर चार-पाच हजार कसे होतात?

व्हीपीएसच्या भाड्यात सगळं धरलेलं असतं आणि क्लाउडमध्ये प्रत्येक गोष्टीचं मीटर वेगळं चालतं. डिजिटलओशनचं २ जीबी रॅमचं साधं मशीन महिना १२ डॉलर, त्यात ५० जीबी डिस्क, आयपी आणि २ टीबी डेटा ट्रान्सफर आला. डॉलर ८५ ते ९० धरा, वर १८ टक्के जीएसटी, झाले बारा-तेराशे रुपये, आणि पुढच्या महिन्यातही तेवढेच.

आता अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये (म्हणजे तिथल्या डेटा सेंटरमध्ये) तेच उभं करू. मशीनचे वेगळे, डिस्कचे वेगळे. पब्लिक आयपीला फेब्रुवारी २०२४ पासून तासाला अर्धा सेंट, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. बाहेर जाणारा डेटा महिन्याला १०० जीबीपर्यंत फुकट आणि त्यानंतर मुंबईतून प्रत्येक जीबीला अकरा सेंटच्या आसपास, म्हणजे तुमच्या क्लासचे व्हिडिओ बघून पोरांनी १ टीबी ओढला तर नुसते ट्रान्सफरचे शंभरेक डॉलर. तेच १ टीबी वरच्या १२ डॉलरमध्ये आलेलं होतं, आणि कोटा संपल्यावरही तिथे जीबीला एकच सेंट लागतो.

यात सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते म्हणजे नॅट गेटवे. यूट्यूबवरचं एखादं ट्युटोरियल बघून प्रायव्हेट सबनेट (बाहेरून थेट न दिसणारं आतलं नेटवर्क) बनवतात, त्यातल्या मशीनला बाहेरचं अपडेट डाउनलोड करता यावं म्हणून नॅट गेटवे लावतात, आणि त्या एका गोष्टीचे मुंबईत महिना चाळीसेक डॉलर, त्यातून गेलेल्या प्रत्येक जीबीचे आणखी वेगळे. ज्या अ‍ॅपला दिवसाला दोनशे लोक येतात त्याच्या बिलात अ‍ॅपच्या मशीनपेक्षा नॅट गेटवे महाग दिसतो. छोट्या सेटअपमध्ये मशीन पब्लिक सबनेटमध्ये ठेवून सिक्युरिटी ग्रुपमध्ये (तिथला फायरवॉल) फक्त ८० आणि ४४३ हे वेबचे पोर्ट उघडे ठेवले तरी काम होतं.

लाइटसेल हा मधला तोडगा आहे, भाडं ठरलेलं, पण एक लक्षात घ्या, मुंबई रीजनमध्ये त्याच पैशात डेटा ट्रान्सफर इतर बऱ्याच रीजनच्या अर्धाच मिळतो.

मॅनेज्ड डेटाबेस सगळ्यात छोटा घेतला तर डिजिटलओशनवर पंधरा डॉलरच्या आसपास सुरू होतो. स्टँडबाय सर्व्हर हवा असेल तर जवळपास दुप्पट. तो लगेच लागतो का? बहुतेकांना नाही लागत. स्टँडबाय म्हणजे मुख्य मशीन पडलं तर एक-दोन मिनिटात दुसरं सुरू होणं, आणि ज्यांचा धंदा अर्धा तास बंद राहिला तर चालतो त्यांनी ते पैसे वाचवावेत.

बिल एकदम लाखात गेलं असं ऐकतो, ते कसं होतं?

बहुतेक वेळा अ‍ॅक्सेस की (अकाउंट वापरायची गुप्त चावी) गिटहबवर पडलेली असते. पब्लिक रेपोमध्ये की गेली की ती शोधणारे बॉट फार पटकन उचलतात आणि तुमच्या अकाउंटवर मोठमोठी मशीन चालू करून क्रिप्टो काढायला लागतात. दुसरं कारण म्हणजे स्वतःच्याच कोडमधला लूप, एक फंक्शन फाइल लिहितं, फाइल लिहिली की तेच फंक्शन परत चालू होतं, असं रात्रभर.

अ‍ॅमेझॉनवर बजेट लावता येतं पण ते मुळात अलर्ट असतं, एवढ्या रुपयांवर सगळं आपोआप बंद करा असं सरळ बटण नाही, आणि बिलाचा आकडाही काही तास मागे चालतो. म्हणून अकाउंट उघडल्यावर पहिल्या दिवशी तीन कामं करा: रूट अकाउंटला टू-फॅक्टर, बजेट अलर्ट थेट मोबाइलवर दिसेल अशा ईमेलला, आणि लागत नाहीत त्या सेवांचे अधिकार कुणालाच न देणं. व्हीपीएसमध्ये ही भीती फारशी नसते, जास्तीत जास्त मशीन आचके खाईल, बिल साधारण तेवढंच येईल, आणि हा व्हीपीएसचा खरोखर मोठा फायदा आहे जो लोक धरतच नाहीत.

एक छोटी गंमत आरडीएसची. वापरत नाही म्हणून डेटाबेस थांबवून ठेवला तर सात दिवसांनी तो आपोआप परत चालू होतो आणि मीटर पळायला लागतं. खरंच नको असेल तर स्नॅपशॉट काढून डिलीट करा.

व्हीपीएसवर सिक्युरिटीसाठी किमान काय करावं लागतं?

पासवर्डने लॉगिन बंद, फक्त एसएसएच की. रूटने थेट लॉगिन बंद. उबुंटूचं एलटीएस (जास्त काळ सपोर्ट मिळणारं) व्हर्जन आणि त्यात सिक्युरिटी अपडेट आपोआप येतील असं सेटिंग, एलटीएसला पाच वर्षं साधा सपोर्ट असतो, २२.०४ चा २०२७ मध्ये संपतो, तारीख बघून कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. लेट्स एन्क्रिप्टचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, सर्टबॉट ते आपोआप रिन्यू करतो, पण तो खरंच करतोय ना याचं मॉनिटरिंग बाहेरून लावा.

आता एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते. तुम्ही यूएफडब्ल्यू फायरवॉल लावला, त्यात फक्त २२, ८० आणि ४४३ उघडे ठेवले, मग डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं टूल) रेडिस किंवा पोस्टग्रेस चालवला आणि कंपोज फाइलमध्ये (डॉकरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) त्याचा पोर्ट पब्लिश केला. यूएफडब्ल्यूचं स्टेटस बघितलं तर पोर्ट बंद दिसतो, पण बाहेरून तो सताड उघडा असतो, कारण डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम घालतो आणि ट्रॅफिक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. उपाय सोपा आहे, पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा म्हणजे तो फक्त मशीनच्या आतच ऐकेल, किंवा पोर्ट पब्लिशच करू नका, कंटेनर एकमेकांशी डॉकरच्या आतल्या नेटवर्कवर बोलतात. शिवाय प्रोव्हायडरच्या डॅशबोर्डमधला क्लाउड फायरवॉल लावा, तो मशीनच्या बाहेर असतो त्यामुळे डॉकरचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. जानेवारी २०१७ मध्ये हजारो उघडे मोंगोडीबी पुसून त्यात खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या होत्या, ते डेटाबेसही असेच पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे राहिलेले होते.

मॅनेज्ड घेतलं म्हणजे आता काहीच बघायला नको ना?

तसं नाही. तुमची स्लो क्वेरी ते दुरुस्त करत नाहीत. इंडेक्स (डेटा पटकन शोधायची यादी) नसेल तर मोठा इन्स्टन्स म्हणजे मशीन घेऊन महिनाभर बरं वाटतं आणि डेटा वाढला की परत तेच. चुकीचे अधिकार, उघडी ठेवलेली बकेट (ऑब्जेक्ट स्टोरेजमधली फाइलींची जागा), अ‍ॅपमधला एसक्यूएल इंजेक्शन, सगळं तुमचंच.

आणि व्हर्जन. मायएसक्यूएल ५.७ चा मूळ सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, आरडीएसवर फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी संपला, आणि ज्यांनी अपग्रेड केलं नाही त्यांना मार्च २०२४ पासून एक्स्टेंडेड सपोर्टचे पैसे लागायला लागले, तेही प्रत्येक व्हीसीपीयूच्या हिशोबाने. बऱ्याच जणांना हे बिल आल्यावरच कळलं.

आमचा धंदा सीझनचा आहे, दोन महिने गर्दी आणि मग शांत. ऑटो-स्केलिंग (गर्दीप्रमाणे मशीन आपोआप वाढणं-कमी होणं) लागेल का?

देवगड-रत्नागिरीच्या हापूसवाल्यांचं उदाहरण घेऊ. मार्चमध्ये ऑर्डर सुरू, गुढीपाडव्याला मुहूर्ताच्या पेट्या, अक्षय तृतीयेच्या आसपास खरी झुंबड, आणि पाऊस पडला की साइटवर कुणी फिरकत नाही. वूकॉमर्सची (वर्डप्रेसवरच्या दुकानाची) साइट आहे, २ जीबीचा व्हीपीएस आहे, आणि अक्षय तृतीयेच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक फिरली की साइट 'डेटाबेस कनेक्शन एरर' दाखवायला लागते.

आत शिरून बघितलं तर लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' लिहिलेलं सापडतं, कर्नलने सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोसेस मारला, आणि तो असतो मायएसक्यूएल. हिशोब असा आहे: २ जीबीतले ३००-४०० एमबी सिस्टिमला, ५००-६०० एमबी मायएसक्यूएलला, उरले एक जीबीच्या आसपास. वर्डप्रेसचा एक पीएचपी प्रोसेस ६० ते ८० एमबी खातो, म्हणजे एका वेळी तेरा-चौदाच मावतात, आणि पीएचपीच्या सेटिंगमध्ये मॅक्स चिल्ड्रन (एका वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस) कुणीतरी ५० करून ठेवलेलं असतं. गर्दी झाली की पन्नास प्रोसेस उभे राहायला बघतात, मेमरी संपते, डेटाबेस मरतो आणि साइट सगळ्यांसाठीच बंद.

इथे ऑटो-स्केलिंग नको आहे. मॅक्स चिल्ड्रन बारा करा, थोडा स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) द्या, पेज कॅश लावा म्हणजे नुसतं बघायला आलेल्यांना पीएचपी लागतच नाही, फोटो सीडीएनवर (ग्राहकाच्या जवळच्या सर्व्हरवरून फाइली देणारी सेवा) टाका, आणि सीझनआधी मशीन ४ किंवा ८ जीबीचं करा. ड्रॉपलेट बंद करून रिसाइज करायला काही मिनिटं लागतात. फक्त रिसाइज करताना 'फक्त सीपीयू आणि रॅम' हाच पर्याय घ्या, डिस्कही वाढवली तर ती परत लहान करता येत नाही आणि जूनमध्ये खालच्या प्लॅनवर येण्याचा रस्ता बंद होतो. लाइटसेलवर असाल तर स्नॅपशॉट काढून त्यातून मोठं मशीन बनवावं लागतं.

ऑटो-स्केलिंग तिथे कामाचं आहे जिथे गर्दी कधी येईल हे माहीत नसतं आणि काही मिनिटांत दहापट होते. कॅलेंडरवर जी तारीख आधीच छापलेली आहे तिच्यासाठी हाताने केलेलं रिसाइज पुरतं.

कुबरनेटिस (बरेच कंटेनर बऱ्याच मशीनवर सांभाळणारी सिस्टिम) लागेल का?

पाच जणांच्या टीमला नको. डॉकर कंपोजवर दोन-तीन मशीन खुशाल चालतात.

लॅम्डासारखं सर्व्हरलेस घेतलं तर वापर असेल तेवढेच पैसे, मग तेच का नको?

कधी कधी तेच घ्यावं. दिवसातून दहा वेळा चालणारा वेबहुक (दुसऱ्या सेवेकडून आपोआप येणारा निरोप), फोटो लहान करणं, रात्री एकदा रिपोर्ट पाठवणं, यासाठी लॅम्डा किंवा गुगलचं क्लाउड रन फार छान आहे, महिन्याचे पैसे जवळपास शून्य. पण लॅम्डाचं एक काम १५ मिनिटांच्या वर चालत नाही, बराच वेळ कुणी आलं नसेल तर पहिल्या रिक्वेस्टला उशीर लागतो, आणि डेटाबेसचा विषय तर खासच. पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शनला सेट असतो, लॅम्डाच्या दोनशे कॉपी एकदम उभ्या राहिल्या की प्रत्येकीला आपलं वेगळं कनेक्शन हवं असतं आणि डेटाबेस 'आता जागा नाही' म्हणतो. मध्ये पूलर (थोडी कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा) लावावा लागतो, म्हणजे अजून एक सेवा आणि अजून एक बिल.

सतत चालणाऱ्या जड कामाला सर्व्हरलेस महाग पडतं हे खुद्द अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओ टीमने २०२३ मध्ये लिहिलं होतं, त्यांचं व्हिडिओ क्वालिटी तपासायचं एक काम त्यांनी लॅम्डा आणि स्टेप फंक्शन्सवरून काढून एकाच साध्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये आणलं आणि त्या कामाचा खर्च ९० टक्क्यांनी कमी झाला.

सर्व्हर भारतातच पाहिजे का?

ग्राहक इथले असतील तर हो, शक्यतो. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे आणि हैदराबाद २०२२ पासून, गुगलचं मुंबई आणि दिल्ली, मायक्रोसॉफ्ट अ‍ॅझ्यूरचं सेंट्रल इंडिया म्हणजे आपलं पुणे. लिनोड आणि व्हल्टर मुंबईत आहेत, डिजिटलओशन बेंगळुरूला. हेट्झनर फार स्वस्त आहे पण भारतात त्यांचं डेटा सेंटर नाही, जवळचं म्हणजे सिंगापूर. जर्मनीतल्या सर्व्हरला इथून एका फेरीला शंभर मिलिसेकंदाच्या वर लागतात आणि एक पान उघडायला अशा बऱ्याच फेऱ्या होतात. वर सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा तर भारत-युरोप ट्रॅफिक लांबच्या वाटेने फिरलं.

मात्र एक चूक करू नका, अ‍ॅप बेंगळुरूला आणि मॅनेज्ड डेटाबेस दुसऱ्या कंपनीचा मुंबईला असं जोडू नका. एका पानाला चाळीस क्वेरी असतील आणि प्रत्येकीला वीस-पंचवीस मिलिसेकंद लागले तर नुसतं ये-जा करण्यात सेकंदभर गेला. दोन्ही एकाच कंपनीच्या एकाच रीजनमध्ये, प्रायव्हेट नेटवर्कवर ठेवा.

कायद्याचं पण बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि हॅकिंगसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. पेमेंटचा डेटा भारतातच साठवायचा हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१८ पासूनचा, पण तुम्ही पेमेंट गेटवे वापरत असाल आणि कार्ड नंबर स्वतःकडे ठेवत नसाल (ठेवूच नका) तर तो भार मुख्यतः गेटवेवर असतो.

मॅनेज्डमध्ये अडकून पडणार नाही ना?

काय घेता त्यावर आहे. मॅनेज्ड पोस्टग्रेस म्हणजे शेवटी पोस्टग्रेसच, डंप काढला आणि दुसरीकडे चढवला की झालं. एस-थ्रीसारखं स्टोरेज आता कितीतरी कंपन्या त्याच एपीआयने देतात. अडकायला होतं ते डायनॅमोडीबी या अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या डेटाबेससारख्या गोष्टींत, तिथे अख्खा डेटा मॉडेल बदलावा लागतो. आणि लॉगिनच्या सेवेत: अ‍ॅमेझॉनच्या कॉग्निटोमधून युजरच्या पासवर्डचे हॅश (पासवर्ड साठवायचं गुप्त रूप) बाहेर काढता येत नाहीत, म्हणजे सोडायची वेळ आली तर प्रत्येक युजरला पासवर्ड नवीन करायला लावा किंवा लॉगिन होईल तसा एकेक हलवा. लॉगिन कुठे ठेवायचं हे म्हणून पहिल्याच दिवशी नीट ठरवा.

क्लाउड पडत नाही म्हणतात ते खरं का?

पडतं. २० ऑक्टोबर २०२५ ला अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनिया रीजनमध्ये डायनॅमोडीबीच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधायच्या यंत्रणेत) गडबड झाली आणि जगभरातली कितीतरी अ‍ॅप्स तासन्‌तास बंद होती. फरक एवढाच की तेव्हा दुरुस्तीला त्यांची शेकडो माणसं लागलेली असतात आणि तुमचा व्हीपीएस दिवाळीच्या सुट्टीत पडला तर लॅपटॉप उघडणारे तुम्ही एकटेच.

मग मोठ्या कंपन्या क्लाउड सोडतायत त्याचं काय?

बेसकॅम्पवाल्या ३७ सिग्नल्सने २०२२ मध्ये क्लाउड सोडायचं जाहीर केलं, त्यांचं त्या वर्षीचं क्लाउडचं बिल ३२ लाख डॉलर होतं. एवढ्या बिलावर स्वतःचं हार्डवेअर घेणं परवडतं, आणि मशीन चालवणारी अनुभवी टीम त्यांच्याकडे आधीपासून होती. महिना वीस हजारांच्या बिलासाठी त्यांचं बघून निर्णय घेऊ नका.

एसएसएच वगैरे जमत नाही, पण पूर्ण क्लाउडही परवडत नाही. मधलं काही?

आहे ना. लारावेल फोर्ज, प्लोई, रनक्लाउड हे तुमच्याच व्हीपीएसवर सगळं सेट करून देतात, डिप्लॉय आणि सर्टिफिकेट बटणावर. क्लाउडवेज वर्डप्रेससाठी चांगलं, ते २०२२ मध्ये डिजिटलओशनने विकत घेतलं. फुकट हवं असेल तर कूलिफाय किंवा डोक्कू स्वतः टाका. पण ही टूल्स सर्व्हर सेट करून देतात, रात्री दोनला पडला तर उठवायला येत नाहीत.

पेमेंट फेल होऊन सर्व्हर बंद पडेल का?

ही शक्यता लोक फार हलक्यात घेतात. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डवरच्या आपोआप कपातीला रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम लागू झाले, साधारणपणे १५,००० रुपयांच्या वरच्या रकमेला प्रत्येक वेळी ओटीपी लागतो, आणि बाहेरच्या कंपनीला बऱ्याच कार्डांवरून पैसे आपोआप जातच नाहीत. म्हणून आगाऊ क्रेडिट भरून ठेवा किंवा रुपयात इन्व्हॉइस देणारी कंपनी बघा, आणि जीएसटी नंबर असेल तर अकाउंटमध्ये टाका म्हणजे इनपुट क्रेडिटचा विषय सीएला सोपा जातो.

मी शिकतोय, फुकट काय मिळेल?

शिकायला व्हीपीएसच घ्या. लिनक्स, एनजिनएक्स, पोस्टग्रेस स्वतः हाताने लावलं नसेल तर पुढे मॅनेज्ड सर्व्हिस नेमकं काय सांभाळते ते समजणार नाही. ओरॅकल क्लाउडच्या कायम फुकट योजनेत चांगली मशीन मिळतात, पण नुसतं पडून असलेलं मशीन ते परत घेऊ शकतात. अ‍ॅमेझॉनची १२ महिन्यांची जुनी योजना नवीन अकाउंटसाठी जुलै २०२५ मध्ये बदलली, आता क्रेडिट मिळतं आणि फुकटचा प्लॅन सहा महिन्यांचा असतो, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नका.

ईमेल पाठवायला व्हीपीएसवर मेल सर्व्हर टाकू का?

नको. बहुतेक प्रोव्हायडर ईमेल पाठवायचा पोर्ट २५ बंद ठेवतात, आणि चालू करून मिळाला तरी तुमचे ओटीपी स्पॅममध्ये जातील. अ‍ॅमेझॉनच्या एसईएससारखी ईमेल पाठवायची सेवा घ्या, ही एक गोष्ट मी कुणालाही स्वतः चालवायला सांगणार नाही.

क्लायंटसाठी साइट बनवतोय, अकाउंट कुणाच्या नावावर घेऊ?

क्लायंटच्या. डोमेन, सर्व्हर, डेटाबेस, बॅकअपचं स्टोरेज, चारही त्याच्या ईमेलवर आणि त्याच्या कार्डवर, आणि तुम्हाला त्यात वेगळा युजर. एजन्सीच्या एकाच व्हीपीएसवर वीस क्लायंट कोंबले की दिसायला स्वस्त पडतं, पण एकाची साइट हॅक झाली की बाकी एकोणीसही उघडे, एकाला सोडून जायचं असेल तर भांडण, आणि तुमचं कार्ड फेल झालं तर वीस जणांची दुकानं बंद. प्रत्येकाला पाच-सहा डॉलरचं वेगळं मशीन द्या.

क्लायंटकडे टेक्निकल माणूस नसेल तर त्याला व्हीपीएस एकटा सोडून देऊ नका. एकतर महिन्याचं मेंटेनन्स लेखी ठरवा, त्यात अपडेट, बॅकअप आणि रिस्टोअरची तपासणी स्पष्ट लिहा, किंवा पहिल्यापासून मॅनेज्डवर उभं करा आणि वरचे हजार-दोन हजार कशाचे आहेत ते त्याला समोर बसून समजावून सांगा. 'बॅकअपमधून परत आणायला किती वेळ लागेल' हा आकडा त्या कागदावर असू द्या, आणि तो लिहिण्याआधी एकदा घड्याळ लावून खरंच करून बघा.